कुंभीटोल्याची गाडी आणि उलटं बोलणारी मुलगी

"कोणाचे मामा?"

मागून कोणीतरी विचारलं आणि प्रियदर्शनी खांबेटे वळली. सदाशिव पेठेतलं ते झेरॉक्सचं दुकान म्हणजे एक मशीन, एक स्टूल आणि दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. बाहेर सप्टेंबरची भुरभुर लागली होती, म्हणून आत पाच जण कोंबलेले. त्यातला हा पाचवा. उंच, सावळा, केसांतून पाणी निथळतंय, आणि खुशाल तिच्या हातातले कागद वाचत होता... वाचून हसत होता.

"दुसऱ्याचे कागद वाचायचे नसतात," ती म्हणाली.

"बरोबर आहे. चुकलंच. पण इथं 'मामांचा तलाव' लिहिलंय नं तुम्ही, तर कोणाचे मामा तेवढं सांगून द्या. मग मी तोंड फिरवतो."

"एका गावातल्या मामांनी बांधलेला तलाव आहे तो. भाचरांसाठी."

हे तिचं तिनंच ठरवलं होतं. मूळ कागदावर होतं 'मा. मा. तलाव'. तेही एकदा नाही, सतरा वेळा. पार भंडाऱ्याच्या पलीकडचा तो मुलूख, तिथं मामा मंडळींचं प्रस्थ मोठं असणार, असा तिनं कयास बांधला आणि वर एक छोटा परिच्छेदही लिहून टाकला. प्रेमळ मामा, तहानलेली भाचरं, वगैरे. परिच्छेद चांगला उतरला होता, तिला आवडला होता.

"माजी मालगुजारी," तो म्हणाला.

"काय?"

"मा. मा. म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजार म्हणजे आमच्याकडचे जुने जमीनदार. त्यांची सद्दी संपली, तळी सरकारकडे आली, म्हणून कागदोपत्री माजी मालगुजारी तलाव. आता लोकही मामा तलावच म्हणतात. पण मामा कोणीच नाही त्यात."

झेरॉक्सवाला मशीनवर वाकून खांदे हलवत होता. प्रियदर्शनीचे कान तापले. तीन वर्षं ती मुद्रितं तपासत होती. वेलांटी इकडची तिकडे झाली तरी तिला झोप लागत नसे, आणि इथं सतरा मामा तिनं स्वतःच्या हातानं जन्माला घातले होते.

"मोठेच उपकार झाले," ती म्हणाली. "आता असं करा, माझ्याबरोबर ऑफिसात चला आणि उरलेलंही दुरुस्त करून द्या."

"चला," तो म्हणाला.

आणि खरोखर निघाला की. ती छत्री उघडून पुढे, हा भिजत मागे. दाताच्या दवाखान्यावरून जिना वर जातो तिथं ती थांबली.

"अहो, मी टोमणा मारला होता."

"होय का? मला नाही समजलं." त्यानं खिशातून ओली चिठ्ठी काढून दाखवली. पत्ता इथलाच होता. "मला आजपासून इथंच रुजू व्हायचंय. अर्धा तास शोधून राहिलो होतो, बरं झालं तुम्ही बोलावलं. मी महिपती डोंगरवार."

झालं. त्यांची ओळख झाली ती अशी.

आता ही कंपनी म्हणजे काय प्रकार होता, ते सांगायला हवं. साल एकोणीसशे नव्व्याण्णव. पुण्यात ज्याला त्याला कॉम्प्युटरचं वेड लागलेलं. दोन हजार साल उजाडताच जगभरची यंत्रं बंद पडणार, या भीतीवर अर्धी पोरं अमेरिकेला निघालेली. शरच्चंद्र सरांनी मात्र नोकरी सोडून दोन खोल्यांत चार कॉम्प्युटर मांडले होते, आणि त्यांना काम मिळालं होतं ते आगगाडीचं. इंग्लंडात एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या आजोबांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडच्या तळ्यांच्या मुलखात एक छोटी रेल्वे बांधली होती, कुंभीटोला ते सुकळीबांध. रूळ अवघे अडीच फुटांचे, स्टेशनं नऊ, आणि त्यांतली सात कुठल्या ना कुठल्या तळ्याच्या काठावर. म्हाताऱ्यांना त्या रेल्वेचा सगळा इतिहास एका सी.डी.वर हवा होता. फोटो, नकाशे, जुनी वेळापत्रकं, माणसांचे आवाज, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. मजकूर प्रियदर्शनीकडे. आणि ते सगळं पडद्यावर हलतं-बोलतं करायला आता हा डोंगरवार.

तो त्याच रेल्वेवरच्या गावचा निघाला, हा निव्वळ योगायोग. शरच्चंद्र सर नंतर सगळ्यांना सांगत, मी मुद्दाम निवडला. कोणी विश्वास ठेवत नसे.

खरी अडचण होती ती कॅसेटींची. म्हाताऱ्यांनी दोन हिवाळे त्या भागात हिंडून जुन्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्यांतल्या चौदा कॅसेटी एकट्या धोंडिबा मास्तरांच्या, परसटोल्याच्या निवृत्त स्टेशनमास्तरांच्या. प्रियदर्शनीनं पहिली कॅसेट लावली आणि पंधरा मिनिटांत कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. भाषा मराठीच होती, पण तिला निम्मी कळत नव्हती.

"आणा इकडं," महिपती म्हणाला.

हेडफोन एकच. खाली दवाखान्यात दात कोरायचं यंत्र दिवसभर घर्र घर्र करतंय, म्हणून मोठ्यानं लावून उपयोग नाही. मग एक कान त्याला, एक कान हिला. खुर्च्या जवळ ओढाव्याच लागल्या. त्याच्या शर्टाला उन्हात वाळलेल्या कपड्याचा वास होता, आणि प्रियदर्शनीनं मान ताठ ठेवून वहीकडे बघायचं ठरवलं.

"गाडी थांबे नं बाप्पा," धोंडिबा मास्तर कानात सांगत होते. "बाया तळ्यात शिंगाडे काढून रायल्या, तं कशी सोडतो गाडी? हात दाखवे बाई, का थांबलीच. साहेबानं वेळ लिवली ते कागदावर. गाडी तं बायाइच्या वेळंनं चाले."

"म्हणजे हे वेळापत्रक सगळं खोटं?" प्रियदर्शनीनं विचारलं. तिच्यासमोर १९३१ सालचं वेळापत्रक होतं, मिनिटाबरहुकूम छापलेलं.

"खोटं काऊन? गाडी दिवसात येईल, एवढं त्यात नक्की होतं."

"आमच्याकडे पाच मिनिटं उशीर झाला तर माणसं संपादकांना पत्र लिहितात."

"आमच्याकडे गाडी वेळेवर आली, तर लोक घाबरत. कालची असंल म्हणत."

ती हसली. हसता हसता तिच्या कानावरचा हेडफोन निसटला आणि त्यानं तो अलगद पुन्हा जागेवर बसवला. कॅसेट पुढे चालली होती. ती नंतर पुन्हा मागे न्यावी लागली, कारण वहीत काही उतरलंच नव्हतं.

अशा त्या कॅसेटी चालू राहिल्या. प्रियदर्शनीला कळत गेलं, की ती तळी निसर्गानं नाही, माणसांनी बांधली. कोहळी लोकांनी, दोन टेकड्यांमध्ये मातीची पाळ घालून. पाळ म्हणजे तिकडे तळ्याचा बांध. इंग्रजानं बघितलं, उंचावरचा आयता रस्ता तयार आहे, त्यानं पाळीवरूनच रूळ नेले. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धानाची शेतं आणि मधून ती बुटकी गाडी. इंजिनाला तहान लागली की तळ्यातच बादल्या बुडवायच्या. हिवाळ्यात लग्नाची वऱ्हाडं, नाटकांची मंडळी, तांदळाची पोती, सगळी त्याच चार डब्यांत. महिपती हे सांगायला लागला, की त्याचे हात बोलायला लागत, आणि तिचं मजकुराकडचं लक्ष हातांकडे जाई.

एक दिवस तो म्हणाला, "घरून शिंगाडे यायचेत. तुम्ही खाता का?"

"उपासाला. पीठ."

"पीठ नाही हो, शिंगाडे. तळ्यातले. उकडून."

शिंगाड्याला पिठाच्या आधीही काही आयुष्य असतं, हे प्रियदर्शनीला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. पण कबूल कोण करणार. "आणा ना," ती म्हणाली. "पोतंभर आणा. रविवारी थेट घरीच घेऊन या, आम्ही बसलेलोच असतो वाट बघत."

रविवारी सकाळी अकराला दाराची बेल वाजली. आईनं, म्हणजे सुशीलाबाई खांबेटे यांनी, दार उघडलं. दारात महिपती डोंगरवार उभा. वाघोलीहून दोन बस बदलून आलेला, आणि खांद्यावर पोतं.

"प्रियदर्शनी मॅडमनं बोलावलं होतं," तो म्हणाला. "वाट पाहून राहिले असाल नं?"

सुशीलाबाईंनी मुलीकडे बघितलं. मुलगी भिंतीकडे बघत होती. "हो तर," सुशीलाबाई म्हणाल्या, "कालपासून." आणि त्या बाजूला झाल्या.

तो दुपारी जेवूनच गेला. शिंगाडे कसे उकडायचे, कसे सोलायचे, हे त्यानं ओट्याशी उभं राहून दाखवलं. प्रियदर्शनीनं एक तोंडात टाकला. आतून पांढरा, गोडसर, कोवळ्या खोबऱ्यासारखा. "बरा आहे," ती म्हणाली. मग आणखी अकरा खाल्ले. त्यानं मोजले होते, हे त्यानं सोमवारी ऑफिसात सांगितलं.

नोव्हेंबरच्या अखेरीला मात्र एक गोष्ट घडली. फोटोंखालच्या ओळी लिहायचं काम होतं. एका फोटोत फाटकापाशी हिरवं निशाण घेऊन उभा असलेला एक किडकिडीत माणूस होता, मागे तळं. प्रियदर्शनीनं खाली लिहिलं: 'जगातली सर्वांत निवांत नोकरी. दिवसाला दोन गाड्या, उरलेला वेळ तळ्याकडे बघणे.' आपल्यावरच खूश होऊन तिनं ते महिपतीच्या कॉम्प्युटरवर पाठवलं. फोटो पडद्यावर आला. त्यानं तो ओळीसकट वाचला, आणि हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.

"हे माझे बाबा आहेत," तो म्हणाला.

खालचं यंत्र नेमकं त्याच वेळी थांबलं.

"पावसाळ्यात पाळीतून पाणी झिरपलं तर रुळाखालची माती जाते. वरून काहीच दिसत नाही. म्हणून प्रत्येक गाडीच्या आधी बाबा कंदील घेऊन चार मैल पाळीवरून चालत. जाताना चार, येताना चार. एकोणीस वर्षं. एकदा बी गाडी घसरली नाही त्यांच्या हद्दीत." तो थांबला. "आता तिथं मोठे रूळ टाकून राहिले आहेत. मोठी गाडी येईल, ती चांगलीच गोष्ट आहे. पण बाबांचं काम निवांत नव्हतं हो, मॅडम."

प्रियदर्शनीला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तिच्या जिभेवर नेहमीसारखं काही चटपटीत आलंच नाही. "मला माफ करा," ती म्हणाली. तिनं ती ओळ पुसली, त्याला विचारून विचारून नवी लिहिली, त्यात बाबांचं पूर्ण नाव घातलं, चार मैलही घातले. लिहून झाल्यावर तिचे डोळे भरले होते आणि ते तिनं लपवलंही नाही.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुम्ही हे लिहिलं ते... बाबा वाईट वाटले म्हणून?"

"नाही हो. उलट तो फोटो मला सगळ्यांत आवडला होता. आमच्याकडे असंच असतं. जे आवडतं त्याचीच टिंगल. जे आवडत नाही, त्याच्याशी आम्ही फार गोड बोलतो."

महिपतीनं जरा विचार केला. "मग मला रोज इतकं ऐकवता तुम्ही, ते?"

प्रियदर्शनीनं वहीत डोकं घातलं. खालचं यंत्र पुन्हा सुरू झालं, ते एका दृष्टीनं बरंच झालं.

त्या दिवसापासून तो तिचं बोलणं उलटं करून ऐकायला लागला. नवी भाषा शिकतात तसं मन लावून. "आज लवकर उगवलात," ती म्हणाली, की तो म्हणे, "म्हणजे उशीर झाला." "काय सुंदर रंग निवडलाय पडद्याला," म्हटलं, की मुकाट्यानं रंग बदले. "काय कटकट आहे या माणसाची," म्हटलं, की खाली मान घालून हसे. दिवस कसे गेले, पत्ता लागला नाही. दोन हजार साल उजाडलं, जगातली यंत्रं बंद वगैरे काही पडली नाहीत, आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तळ्यांच्या रेल्वेची सी.डी. तयार झाली. इंग्लंडातल्या म्हाताऱ्यांचं पत्र आलं. मामा तलावांची माहिती त्यांना फार आवडली होती.

काम संपलं, तसा महिपतीचा करारही संपला. करार त्या सी.डी.पुरताच होता, हे प्रियदर्शनीला माहीत होतं. पण माहीत असणं निराळं, आणि गुरुवारी संध्याकाळी जिन्यात त्यानं सांगणं निराळं.

"नागपूरच्या एका कंपनीचं बोलावणं आहे. कायमची नोकरी. शनिवारी दुपारी बारापर्यंत फॅक्सनं कळवायचंय. तिथून घरीही जाता येतं दर आठवड्याला." तो कठड्यावर बोट फिरवत होता. "इथं थांबायचं तर... शरच्चंद्र सर म्हणतात, नवं काम येईल. पण नुसत्या कामासाठी थांबावं असं नाही वाटत. दुसरं काही कारण असंल तर गोष्ट वेगळी."

इतकं सरळ कोणी विचारतं का? पण तो विचारत होता. प्रियदर्शनीनं पर्सचा पट्टा घट्ट धरला. छाती इतकी धडधडत होती, की खालच्या दवाखान्यातल्या पेशंटनाही ऐकू जावी.

"तुम्ही जाऊ नका," ती म्हणाली. "तुम्ही गेलात तर मला... मला मुळीच करमणार नाही."

महिपतीनं वर बघितलं. चेहऱ्यावर आधी एकदम उजेड आला, मग शंका आली. "हे सरळ, का उलट?"

आता इथं नुसतं 'सरळ' म्हणायचं होतं. तीन अक्षरं. पण चोवीस वर्षांची सवय, ती अशी ऐन वेळी दगा देते. "तुम्हाला काय वाटतं?" प्रियदर्शनी म्हणाली. आणि भुवईही उडवली.

त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. तो हसला, पण ते नेहमीचं हसणं नव्हतं. "पाच महिन्यांत एवढं शिकलो, मॅडम. तुम्ही गोड बोललात, की समजायचं, मनातून उतरलो. चला, येतो मी." आणि तो पायऱ्या उतरून गेला.

शुक्रवारी तो आला नाही. घर आवरायचंय, असा निरोप होता. प्रियदर्शनीनं दिवसभर एक अक्षर तपासलं नाही. संध्याकाळी जेवतानाही ती भात नुसता चिवडत होती, तेव्हा आईनं विचारलं, "त्या मुलाला सांगितलंस का?"

"कुठल्या मुलाला?"

"ज्याच्यासाठी भात चिवडते आहेस त्याला."

"सांगितलं. त्याला खरंच वाटलं नाही."

सुशीलाबाईंनी ताक वाढलं. "तुझ्या बाबांना मी हो म्हटलं, तेही त्यांना खरं वाटलं नव्हतं. चार दिवस नकाराची वाट बघत बसले होते बिचारे. शेवटी मीच गेले, कोथरूडला, बसनं." त्यांनी भांडं खाली ठेवलं. "वाघोली जरा लांब आहे, एवढंच."

शनिवारी सकाळी साडेदहाला प्रियदर्शनीनं कायनेटिक काढली. वाघोली म्हणजे तिच्या मते पुण्याबाहेरचा प्रदेश होता. नगर रस्त्यावर ट्रकच ट्रक, धूळ, अर्धवट उभ्या इमारती, मध्येच ज्वारीचं शेत. दोनदा चुकली, तीनदा विचारलं. घड्याळात साडेअकरा वाजून गेले, आणि तेव्हा तिला तो दिसला. रस्त्याकडेच्या एस.टी.डी. बूथसमोर रांगेत, हातात घडी केलेला कागद. त्याच्या पुढे एकच माणूस होता.

तिनं गाडी जवळजवळ त्याच्या पायावरच आणून थांबवली.

"मॅडम? तुम्ही वाघोलीत?"

"सहज आले होते," ती म्हणाली. "इकडून चालले होते."

तो तिच्याकडे बघत राहिला. केसांत धूळ, कपाळावर घाम, ओढणीचं एक टोक चाकाच्या ग्रीसनं काळं झालेलं. "सहज," तो हळूच म्हणाला. "म्हणजे मुद्दाम."

प्रियदर्शनीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, या माणसाला सगळं कळतंय की. आपणच त्या दिवशी भलत्या भाषेत बोललो. तिनं गाडी स्टँडला लावली, ओढणी सारखी केली आणि खोल श्वास घेतला.

"हे बघा डोंगरवार. तुम्ही खुशाल नागपूरला जा."

महिपतीनं कान टवकारले, हे तिला दिसलं.

"तुमच्यावाचून माझं काही अडलेलं नाही. तुमची खुर्ची रिकामी झाली, की मला बरंच वाटेल. तेवढीच हवा खेळती राहील."

"पुढं?"

"त्या कॅसेटी ऐकताना माझं सगळं लक्ष धोंडिबा मास्तरांकडेच असायचं. एक शब्द सुटला नाही माझा."

"प्रत्येक कॅसेट तीनदा मागं नेली आपण," तो म्हणाला.

"ते मशीन खराब होतं म्हणून." तिचा आवाज हलायला लागला होता. "आणि तुमचं ते हसणं. अजिबात सहन होत नाही मला. आणि तुमचे ते हात. सारखे आपले हवेत. मी कधी ढुंकून बघितलं नाही त्यांच्याकडे. आणि उद्यापासून तुम्ही दिसणार नाही याचं मला काडीचंही... काडीचंही वाईट वाटत नाहीये. आणि मी आत्ता रडत नाहीये."

"नाही," तो म्हणाला. "दिसून राहिलं मला."

त्याचेही डोळे पाणावले होते. त्यानं हातातल्या कागदाची आणखी एक घडी घातली, मग आणखी एक, मग तो शर्टाच्या खिशात टाकला. "गुरुवारी मी दोन तास नदीच्या पुलावर बसून होतो, प्रियदर्शनी. काय चुकलं, शोधून राहिलो होतो."

मॅडम गळून पडलं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं आणि दोघांनीही ते उचललं नाही.

"चुकलं माझंच," ती म्हणाली. "मला सरळ बोलता येत नाही. कोणी शिकवलंच नाही."

"बरं. मग आता मी एकच विचारतो. पण याला उलटं नाही चालत, मी घोटाळ्यात पडीन." त्यानं घसा साफ केला. "माझ्याशी लग्न करशील? पुण्यात राहू, नागपुरात राहू, तू म्हणशील तिथं. बाबांना तू आवडशील. फोटोखालची ती ओळ मी त्यांना पोस्टानं पाठवली होती. त्यांनी ती भिंतीला लावलीय."

प्रियदर्शनीनं तोंड उघडलं आणि मिटलं. हो म्हणावं, तर हा नाही समजायचा. नाही म्हणावं, तर... छे, नाही तर म्हणवतच नव्हतं. तिला हसूही फुटलं आणि रडूही.

"ओ साहेब," बूथवाला आतून म्हणाला, "फॅक्स करायचाय, का नाही?"

"नाही," दोघं एकदमच म्हणाले.

बूथवाल्यानं मागच्याला आत घेतलं. महिपती अजून तिच्याकडेच बघत होता. वाट बघत होता. प्रियदर्शनीनं त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं, भुवई जागेवर ठेवली आणि म्हणाली, "हो."

नेमका त्याच वेळी एक ट्रक भोंगा वाजवत शेजारून गेला.

"काय म्हणालीस? ट्रक गेला मधून."

जे एकदा म्हणायला चोवीस वर्षं लागली, ते आता दुसऱ्यांदा म्हणायचं. आणि मागून दुसरा ट्रक येतच होता. प्रियदर्शनी खांबेटेनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि नगर रस्त्यावर भर उन्हात, आपल्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठ्यानं ओरडून सांगितलं, "हो महिपती, करीन. सरळ हो."

रांगेतल्या चार माणसांनी माना वळवल्या, बूथवाला काचेआडून बाहेर डोकावला, आणि त्यांतल्या एकालाही ते उलटं वाटलं नाही.